टाकी लख्ख झाली

कंसातले तास मी मागाहून मोजले. तेव्हा ते कुणालाच दिसत नव्हते.

शनिवार, सकाळी ९ (उरले ४४ तास)
दिवाळी आठवड्यावर आलेली. माळा आवरला, पंखे पुसले आणि आईची नजर हॉलमधल्या टाकीवर गेली. "केवढं शेवाळ धरलंय! पाहुणे काय म्हणतील?" टाकी ६० लिटरची. आत तीन गोल्डफिश: केशर, बुंदी आणि डोक्यावर फेटा बांधल्यासारखा मांसल उंचवटा असलेला ओरांडा, पेढा. नावं लेकीने ठेवलेली, तीही दिवाळीतच. एवढ्या पाण्यात तिघं म्हणजे आधीच दाटी.

सकाळी १०.३० (साडेबेचाळीस)
मासे बादलीत, पाणी सगळं मोरीत. साबण लावला नाही, तेवढं कळत होतं आणि त्याचा अभिमानही वाटत होता. खडे उकळत्या पाण्यातून काढले. फिल्टरचा स्पंज बेसिनच्या नळाखाली धरून पिळला. पहिल्यांदा कोऱ्या चहासारखं पाणी निघालं, मग फिकट, सातव्यांदा अगदी नितळ. आठव्यांदा उगाच पिळला.

तो तपकिरी गाळ म्हणजे नुसती घाण नव्हती. मासे कल्ल्यांवाटे पाण्यात अमोनिया सोडतात. स्पंजात आणि खड्यांवर वस्ती करून राहिलेले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट करतात, मग त्याहून बरंच निरुपद्रवी नायट्रेट. ही वस्ती बसायला महिना-दीड महिना लागतो. मी ती एका सकाळीत उठवली.

दुपारी १२ (४१)
नळाचं ताजं पाणी थेट टाकीत. क्लोरीन मारायच्या थेंबांची बाटली टीव्हीमागे होती, पण कुणाला आठवली नाही. काच अशी चमकली की मासे हवेत तरंगतायत असं वाटावं. फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. अकरा अंगठे आले.

रात्री ८ (३३)
एरवी डब्याचं झाकण वाजलं की पेढा काचेला धडका देतो. आज आला, दाणा तोंडात घेतला आणि थुंकून टाकला. बाकीचे दोघं आलेच नाहीत. "नवी नवलाई आहे, रुळतील," मी म्हणालो आणि क्रिकेट लावलं.

रविवार, सकाळी ८ (२१)
तिघंही तळाशी, पर अंगाशी मिटलेले. आमच्या घरात न जेवणं हा एकच आजार आणि जेवण हा एकच उपाय. आईने चिमूटभर दाणे घातले. लेकीने आजीचं न पाहता दुसरी चिमूट घातली. कुणी घातलेच नाहीत असं समजून तिसरी मी.

माझ्या मते खरा गुन्हा हा. शनिवारी केलं ते अज्ञानातून. हे मात्र समोर बघत असताना. पाणी बिघडलंय हे सांगायला माशाकडे दुसरं काय असतं? तो खाणं सोडतो. आणि आम्ही त्या तक्रारीवर दाणे टाकत होतो. धडधाकट गोल्डफिश आठवडाभर उपाशी सहज राहतो. तळाशी पडलेला दाणा मात्र कुजतो आणि कुजून पुन्हा अमोनियाच देतो.

दुपारी ३ (१४)
पाणी किंचित दुधी.

रात्री १० (७)
पेढा वर आलेला, पाण्याच्या कडेशी तोंडाची उघडझाप. कल्ल्यांची कड लाल. दुकानदाराला फोन लावला.
"पाणी किती बदललंत?"
"सगळं."
"स्पंज?"
"धुतला की. नळाखाली."
पलीकडे थोडा वेळ काहीच नाही. मग, "साहेब, फिल्टर फिरतोय, पण मेलाय तो. दाणे बंद करा. थेंब टाका. निम्मं नको, तिसरा हिस्सा पाणी बदला. सकाळी दुकानावर या, माझ्या टाकीतला चालू स्पंज देतो."

बाटली सापडली. २० लिटर पाणी बादलीत थेंब टाकून बदललं, तळचे दाणे नळीने ओढून काढले. लेक सोफ्यावरच झोपली.

सोमवार, पहाटे ५
पेढा फिल्टरच्या नळीला आडवा टेकलेला होता. आईने न बोलता गाळणी आणून दिली. चहाची, चांगली. ती परत स्वयंपाकघरात गेली नाही. पेढ्याला तुळशीच्या कुंडीत पुरलं.

दुकानातून स्पंज आणला, पाण्यासकट पिशवीत बांधून, बाळंतिणीला आणावं तसा जपत. सोबत अमोनिया तपासायची बाटली. नळीतलं पाणी पिवळं राहायला हवं होतं. ते हिरवं झालं. पुढे रोज १५ लिटर पाणी बदललं, दर वेळी थेंब टाकूनच.

केशरने गुरुवारी पहिला दाणा गिळला. बुंदीने शनिवारी. तुमच्याकडे या आठवड्यात टाकीचा नंबर लागणार असेल, तर स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा आणि शेवाळ थोडं राहू द्या.