इयत्ता आणि विद्यार्थी

शाळा म्हटली कीं एका वयाचीं पांचपन्नास मुलें, एक फळा, एक पुस्तक आणि एक शिक्षक असें चित्र आपल्या डोळ्यांपुढें उभें राहतें. तें इतकें अंगवळणीं पडलें आहे कीं तें फारसें जुनें नाहीं, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. इंग्रजी अंमलापूर्वींच्या पंतोजींच्या शाळेंत आजच्यासारखी इयत्ता नव्हती. कोणी धुळपाटीवर अक्षरें गिरवीत असे, कोणी पावकी-निमकी घोकीत असे, तर कोणी मोडी पत्र लावीत असे. ओसरी एक, पण धडा ज्याचा त्याचा. आणि पुढें गेलेला मुलगा मागच्यास शिकवी. अशाच एका देशी शाळेंत मुलें वाळूंत अक्षरें गिरवितांना मद्रासेस अँड्र्यू बेल यानें पाहिलीं, आणि मुलांनींच मुलांस शिकविण्याची रीत त्यानें १७९७ सालीं पुस्तकरूपानें विलायतेंत मांडली.

परंतु त्या ओसरीचें कौतुक बेतानेंच करावें हें बरें. तिच्यावर पाय ठेवण्याचा अधिकार थोड्यांनाच होता. मुली आणि अस्पृश्य मानलेल्या जातींचीं मुलें बाहेरच राहिलीं. पुढें सरकारी शाळा आल्या, क्रमिक पुस्तकें आलीं, डिपोटींची तपासणी आली. दार निदान कायद्यानें तरी सर्वांस मोकळें होत गेलें, पण आंत गेल्यावर धडा मात्र सर्वांस एकच मिळूं लागला. थोडक्यांत, जुन्या शाळेनें थोड्या मुलांकडे निरनिराळें पाहिलें. नव्या शाळेनें पुष्कळ मुलांकडे एकाच नजरेनें पाहिलें. आपल्या शिक्षणाचा पुढचा इतिहास म्हणजे या दोहोंचा मेळ घालण्याची खटपट होय.

ही अडचण जोतीराव फुले यांनीं फार लौकर ओळखली. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें दिलेल्या निवेदनांत त्यांनीं मोडी, बालबोध व हिशेब यांच्या जोडीस शेतीचें प्राथमिक ज्ञान मागितलें. खेड्यांतील शाळेंत विषय शहरापेक्षां थोडे असले तरी चालतील, पण ते व्यवहारोपयोगी असण्यांत कसर नको, असा त्यांचा अभिप्राय होता. शिक्षण निराळें असावें, पण हलकें नसावें, ही मेख येथेंच आहे.

हें तत्त्व प्रत्यक्षांत उतरविण्याचें श्रेय ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांचें. भावनगरास गिजुभाई बधेका यांच्यासह काम करून ताराबाईंनीं माँटेसोरी पद्धति आत्मसात केली होती. पण ती खेड्यांत नेतांना तिचीं महाग साधनें परवडणारीं नव्हतीं. १९४५ सालीं बोर्डी येथें त्यांनीं ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलें, तेव्हां शंख-शिंपले, बिया आणि खडे हींच साधनें झालीं. दलित वस्तींतील मुलें केंद्रांत येईनात, तेव्हां शिक्षिकाच वस्तींत गेल्या आणि तेथल्या अंगणांत शाळा भरूं लागली; तीच अंगणवाडी. पुढें कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांशीं गांठ पडली. थोरल्या बहिणीच्या कडेवर धाकटें भावंड असे, म्हणून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एके ठिकाणीं आणलीं. मुलें गुरांमागें जात, म्हणून शाळा कुरणांत गेली. तिचें नांवच कुरणशाळा पडलें. मूल शाळेंत येत नाहीं हा मुलाचा दोष न मानतां तो शाळेपुढील प्रश्न मानला, हें या कामाचें मर्म होय. १९७५ सालीं एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हें नांव देशभर गेलें.

आतां महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकास पाहूं. १ मे १९९९ रोजीं भंडाऱ्यापासून वेगळा झालेला गोंदिया जिल्हा म्हणजे भातशेतीचा, तळ्यांचा आणि अनेक बोलींचा मुलूख. शहरांत हिंदी, आमगांव-तिरोड्याकडे पोवारी, आणि देवरी-सालेकसाच्या रानांत गोंडी कानांवर पडते. गोंडी ही द्राविडी कुळांतली भाषा. पाण्यास ‘येर’ म्हणणारें मूल पहिलींत बसतें आणि पुस्तकांत ‘पाणी’ वाचतें. इतकेंच असतें तर शब्द पाठ करून भागलें असतें. पण गोंडींत नामांच्या पुल्लिंगी व पुल्लिंगेतर अशा दोनच कोटि आहेत. ‘ती’ आणि ‘तें’ यांतील मराठी भेद त्या मुलाच्या घरच्या व्याकरणांतच नाहीं. त्याची चूक मतिमांद्याची नव्हे, तर दुसऱ्या एका नियमाच्या इमानाची आहे. शिक्षकास एवढें ठाऊक असलें, तर लाल रेघ ओढण्याऐवजीं तो दोन्ही भाषा शेजारीं ठेवून समजावील.

कायदाही याच बाजूचा आहे. राज्यघटनेंत १९५६ सालीं घातलेलें ३५० अ हें कलम भाषिक अल्पसंख्य मुलांस प्राथमिक शिक्षण मातृभाषेंतून मिळण्याची सोय करावी असें सांगतें. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यांतही शक्य तोंवर मातृभाषा हेंच माध्यम म्हटलें आहे. परंतु ‘शक्य तोंवर’ या दोन शब्दांच्या आड पुष्कळ मुलें उभीं राहतात.

कोणी म्हणेल, प्रत्येकासाठीं निराळी वाट काढली तर शिस्त आणि समता यांचें काय? त्यास उत्तर आपल्याच घरांत आहे. आपला मुलगा गणितांत मागें पडला तर आपण शिकवणी लावतों, पुस्तक बदलतों, शेजारीं बसून सावकाश समजावतों. त्यास आपण सवलत म्हणत नाहीं, काळजी म्हणतों. मुक्काम एक ठेवून वाटा निरनिराळ्या काढणें हीच समता. वाट एक ठेवून कोणी मुक्कामास पोंचला नाहीं तर त्याच्यावरच ठपका ठेवणें ही समता नव्हे. जी काळजी आपण आपल्या मुलाची घेतों तीच देवरीच्या मुलास वर्गांत मिळावी, एवढेंच मागणें आहे.