देव सही करत नाही

ट्रस्टची जमीन विकायला विश्वस्तांना परवानगी का लागते, हे शोधत मी १८५६ सालात पोचलो. उत्तर भारतातल्या एका आईने अल्पवयीन मुलाची इस्टेट गहाण टाकली होती. वाद लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. हाच तो हनुमानप्रसाद पांडे खटला. निकालाचं सार असं: खरी गरज असेल किंवा इस्टेटीचं भलं होणार असेल, तरच पालकाने गहाण टाकावं, आणि सावकारानेही त्या गरजेची चौकशी करावी.

१८७५ मध्ये बंगालमधल्या खटल्यात हाच नियम देवस्थानाला लागला. जमीन देवाची, पण देव सही करत नाही. म्हणून कारभारी पालकासारखा.

पण ही तपासणी व्हायची व्यवहार झाल्यावर, तीही कोणी कोर्टात गेलं तर. मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ ने क्रम उलटा केला: आधी धर्मादाय आयुक्तांची मंजुरी, मग विक्री. पुढे गहाण टाकून कर्ज काढायलाही मंजुरी आली.

नुसत्या मंजुरीने भागत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९८६ च्या एका प्रकरणात मठाची जमीन सरकारी परवानगीनेच, खासगी वाटाघाटीत, २० लाखांना दिली होती. ८० लाख देणारे तयार होते! अशी मालमत्ता सहसा जाहीर लिलावानेच विकावी, असं न्यायालयाने बजावलं.

शाळा, दवाखाना, धर्मशाळा: जमीन ज्यांच्यासाठी दिली, ते सौद्याच्या बैठकीत नसतात. तुमच्या गावच्या ट्रस्टची जाहीर नोटीस दिसली, तर हरकतीची मुदत नक्की बघा.