पंचेचाळिसाव्या कलमाची वंशावळ

९ एप्रिल २०२४ रोजी ॲरिझोना राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध २ अशा मतांनी निकाल दिला, आणि १८६४ सालचा गर्भपातबंदीचा कायदा पुन्हा लागू होणार अशी बातमी जगभर गेली. बातमीला जोडून तपशील येत होते: तेव्हा अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं, ॲरिझोना राज्यही झालेलं नव्हतं, बायकांना मताचा अधिकार नव्हता. तपशील खरेच होते. पण त्यांतून एक चित्र उभं राहत होतं, की दीडशे वर्षांपूर्वी काही दाढीवाले पुरुष एकत्र बसले आणि गर्भपातावर बंदी घालायची असं त्यांनी ठरवलं. कागद हाती घेतले की हे चित्र टिकत नाही.

ॲरिझोना हा स्वतंत्र प्रदेश म्हणून जन्माला आला तो २४ फेब्रुवारी १८६३ रोजी, न्यू मेक्सिकोचा पश्चिमेकडचा भाग तोडून लिंकनने सही केलेल्या कायद्याने. १८६४ च्या शिरगणतीत तिथली लोकसंख्या ४,५७३ भरली. त्या भूमीवरच्या मूळ जमातींची माणसं या आकड्यात धरलेली नाहीत. राजधानी प्रेस्कॉट म्हणजे खाणकामगारांची नवी वस्ती. तिथे ओंडक्यांच्या इमारतीत २६ सप्टेंबर १८६४ ला पहिलं विधिमंडळ भरलं आणि १० नोव्हेंबरला उठलं. वरिष्ठ सभागृहात ९ सदस्य, कनिष्ठ सभागृहात १८. या सत्तावीस जणांनी दीड महिन्यात फौजदारी, दिवाणी, मालमत्ता, खाणी, लग्न, वारसा असं सगळं सामावणारी एक आख्खी संहिता मंजूर केली. शिवाय काही घटस्फोटही स्वतंत्र कायदे करून देऊन टाकले.

संहिता लिहिली होती विल्यम हॉवेल या न्यायाधीशाने. तो मिशिगनचा. गव्हर्नर जॉन गुडविनने हे काम अधिवेशनाआधीच त्याच्याकडे सोपवलं होतं, आणि विधिमंडळाने ग्रंथाला त्याचंच नाव दिलं: हॉवेल कोड. पुस्तक छापून निघालं १८६५ मध्ये, प्रेस्कॉटच्या 'ॲरिझोना मायनर' या वर्तमानपत्राच्या छापखान्यात. म्हणून हाच कायदा कुठे १८६४ चा, तर कुठे १८६५ चा म्हणून दाखवलेला सापडतो.

या संहितेचं दहावं प्रकरण गुन्हे आणि शिक्षा यांचं. त्यातलं पंचेचाळिसावं कलम सुरू होतं ते विषप्रयोगाने. कुणी जीव घेण्याच्या हेतूने दुसऱ्याला विष दिलं, तर त्याला काय शिक्षा, हा कलमाचा मुख्य विषय. ते सांगून झाल्यावर त्याच कलमाच्या शेपटाला आणखी एक वाक्य जोडलेलं आहे: गर्भवती स्त्रीचा गर्भ पाडण्याच्या हेतूने कुणी औषधी पदार्थ दिला किंवा हत्यार वापरलं, तर त्याला दोन ते पाच वर्षं तुरुंग. आणि मग सवलत: आपलं वैद्यकीय कर्तव्य बजावताना स्त्रीचा जीव वाचवण्यासाठी गर्भ पाडणं आवश्यक आहे असं ज्या डॉक्टरला वाटेल, त्याला हे वाक्य लागू नाही. स्वतः त्या स्त्रीला शिक्षा सांगितलेली नाही. (याच सुमारास, १ जानेवारी १८६२ पासून, आपल्याकडे लागू झालेल्या भारतीय दंडसंहितेत मात्र गर्भ पाडून घेणारी स्त्रीही ३१२ व्या कलमाखाली गुन्हेगार ठरत होती.)

आता कॅलिफोर्नियाचं १८५० सालचं फौजदारी कायद्याचं पुस्तक काढून शेजारी ठेवावं. तेच विष, तेच शेपूट, दोन ते पाच वर्षं तीच, डॉक्टरांची सवलत तीच. कॅलिफोर्नियाच्या मजकुरात 'राज्याचा तुरुंग' आहे, ॲरिझोनाच्या मजकुरात 'प्रदेशाचा तुरुंग'. कलमाचा क्रमांकसुद्धा पंचेचाळीसच. हॉवेलने मजकूर उतरवून घेतला होता, आणि यात त्याची नाचक्की नाही. पश्चिमेकडे नवा प्रदेश निघाला की शेजारच्या राज्याचं पुस्तक समोर ठेवून कायदे करायचे, ही तेव्हाची रीतच होती. सहा आठवड्यांत विधिमंडळ दुसरं मंजूर करणार तरी काय? विधिमंडळाच्या छापील कार्यवृत्तात प्रस्ताव, दुरुस्त्या आणि मतदान नोंदलेलं आहे. त्या कागदांवरून सत्तावीस जणांनी संहिता मंजूर केली एवढं म्हणता येतं. त्यांनी गर्भपाताचा विचार करून निर्णय घेतला, असं म्हणायला आधार लागतो.

२०२४ मध्ये चघळली गेलेली एक गोष्ट इथेच हातावेगळी करतो. १८६४ च्या कनिष्ठ सभागृहाचा सभापती डब्ल्यू. क्लॉड जोन्स याने कोवळ्या वयाच्या मुलींशी लग्नं केली होती. वरिष्ठ सभागृहाचा अध्यक्ष कोल्स बॅशफोर्ड आधी विस्कॉन्सिनचा गव्हर्नर होता आणि तिथे रेल्वे कंपनीकडून लाच घेतल्याच्या प्रकरणात त्याचं नाव बद्दू झालं होतं. माणसं अशी होती. पण कलम त्यांनी रचलेलं नव्हतं, त्यामुळे त्यांच्या चारित्र्यातून कलमाचा हेतू काढता येत नाही. त्यापेक्षा त्याच संहितेतल्या शेजारच्या तरतुदी जास्त बोलक्या आहेत. लैंगिक संबंधाला संमती देण्याचं मुलीचं वय तिथे दहा वर्षं आहे. गोऱ्या माणसाच्या बाजूने किंवा विरुद्ध काळ्या, मूळनिवासी किंवा आशियाई माणसाची साक्ष न्यायालयात चालणार नाही, असंही तिथे लिहिलेलं आहे. ही कलमं काळाच्या ओघात गेली. गर्भपाताचं तेवढं राहिलं.

राहिलं, पण जसंच्या तसं नाही, आणि हाच तपशील बातम्यांतून निसटला. १९०१ च्या दंडसंहितेत पाहिलं तर हा मजकूर विषाच्या कलमातून बाहेर पडून स्वतंत्र झालेला दिसतो. भाषाही बदललेली आहे. १८६४ मध्ये डॉक्टरला 'आवश्यक वाटलं' तर पुरे होतं. १९०१ मध्ये डॉक्टरचं वाटणं गळून पडलं आणि 'जीव वाचवण्यासाठी आवश्यक असल्याखेरीज' एवढंच उरलं. आवश्यक होतं की नव्हतं, हे आता कुणी दुसरं ठरवणार. शिवाय गर्भ पाडून मागणाऱ्या स्त्रीलाही एक ते पाच वर्षांची शिक्षा सांगणारं नवं कलम शेजारी आलं. हे नवे शब्दही ॲरिझोनाचे नव्हते. कॅलिफोर्नियाच्या १८७२ च्या दंडसंहितेतली २७४ आणि २७५ ही कलमं वाचली की मूळ सापडतं. १९१२ मध्ये ॲरिझोना राज्य झालं, १९१३ ची संहिता आली, पुढे १९७७ मध्ये कलमाला १३-३६०३ हा क्रमांक मिळाला; शब्द जवळजवळ तेच राहिले. म्हणजे २०२४ मध्ये 'जिवंत' झालेला मजकूर खरं तर १९०१ चा, आणि डॉक्टरांच्या बाबतीत १८६४ पेक्षा कडक.

मधल्या काळात कायदा झोपलेला होता असंही नाही. स्त्रियांच्या मताधिकारासाठी झटलेली फिनिक्सची डॉक्टर रोझा बॉइडो १९१८ मध्ये याच कायद्याखाली दोषी ठरली. १९६२ मधली हकिगत अमेरिकाभर गाजली. फिनिक्सच्या दूरचित्रवाणीवर लहान मुलांचा कार्यक्रम करणारी शेरी फिंकबाइन गरोदरपणात नवऱ्याने युरोपातून आणलेल्या गोळ्या घेत होती. त्यांत थॅलिडोमाइड होतं. बाळाला व्यंग येण्याची मोठी शक्यता कळल्यावर इस्पितळात गर्भपाताची तयारी झाली, पण बातमी फुटली आणि इस्पितळ कचरलं. आम्हांला संरक्षण आहे का एवढं सांगा, असा अर्ज न्यायालयात गेला. न्यायाधीश येल मॅकफेट यांनी तो काढून टाकला: इथे दोन पक्षांत वादच नाही, मग निकाल कसला देऊ? ती स्वीडनला गेली आणि गर्भपात तिथे झाला. ज्यावर खटला भरलाच जात नाही, पण भरला जाईल म्हणून डॉक्टर हात लावत नाहीत, असा कायदा न्यायालयापुढे न्यायचा कसा, ही अडचण या एका आदेशात दिसते.

नऊ वर्षांनी, १९७१ मध्ये, टूसॉनच्या प्लॅन्ड पेरेंटहूड केंद्राने आणि काही डॉक्टरांनी पिमा काउंटीच्या न्यायालयात कायद्यालाच आव्हान दिलं. पहिल्यांदा तेच उत्तर मिळालं: वाद नाही. अपील न्यायालयाने सांगितलं की वाद आहे, ऐका. मग खालच्या न्यायालयाने कायदा घटनाबाह्य ठरवला. ३ जानेवारी १९७३ रोजी अपील न्यायालयाने तो निकाल फिरवून कायदा वैध ठरवला. एकोणीस दिवसांनी, २२ जानेवारीला, वॉशिंग्टनमध्ये, गर्भपाताचा हक्क देशभर मान्य करणारा रो विरुद्ध वेडचा निकाल लागला आणि त्याच अपील न्यायालयाला महिना संपायच्या आत आपला निर्णय मागे घ्यावा लागला. कायद्यावर मनाई हुकूम बसला. कलम पुस्तकातून काढलं मात्र कुणी नाही.

कॅलिफोर्नियात याआधीच वेगळं घडलं होतं. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये बेलस खटल्यात, जीव वाचवण्यासाठी 'आवश्यक' म्हणजे नेमकं काय हे डॉक्टरला कळण्याइतकं स्पष्ट नाही, म्हणून ते शब्द ४ विरुद्ध ३ मतांनी घटनाबाह्य ठरवले. मूळ प्रत तिच्या घरातच बाद झाली, शेजारी नक्कल चालू राहिली.

आता २०२२. मार्चमध्ये ॲरिझोनाच्या विधिमंडळाने पंधरा आठवड्यांनंतरच्या गर्भपाताला बंदी घालणारा कायदा केला आणि ३० मार्चला गव्हर्नर डग ड्यूसी यांनी त्यावर सही केली. तेव्हा रो निकाल अमलात होता, पण तो फिरवू शकणारा मिसिसिपीचा डॉब्स खटला वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयात निकालाची वाट पाहत होता. नव्या कायद्यात एक तरतूद घातली गेली: या कायद्याने कलम १३-३६०३ उघडपणे किंवा अप्रत्यक्षपणे रद्द होत नाही. क्रमांक स्पष्ट लिहिला आहे. माझ्या मते या सगळ्या वंशावळीत, आपण काय करतोय हे पूर्ण माहीत असून विधिमंडळाने लिहिलेलं हेच वाक्य ठळकपणे दिसतं.

२४ जूनला डॉब्सचा निकाल आला आणि रो गेला. न्यायमूर्ती ॲलिटो यांच्या निकालपत्राला परिशिष्टं जोडलेली आहेत. १८६८ पर्यंत ३७ पैकी २८ राज्यांत गर्भपात कोणत्याही टप्प्यावर गुन्हा होता, हे दाखवण्यासाठी राज्यांचे कायदे एकापाठोपाठ दिले आहेत, आणि पुढे राज्य झालेल्या प्रदेशांचे दुसऱ्या परिशिष्टात. कॅलिफोर्निया पहिल्यात आहे, ॲरिझोना दुसऱ्यात. बखरींवर काम करणाऱ्या कुठल्याही मराठी अभ्यासकाला इथे थांबावंसं वाटेल. एका बखरीच्या दोन नकला हाती आल्या म्हणून आपण दोन साक्षीदार धरत नाही. आधी कुळ लावतो. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे: कायद्याची नक्कल मंजूर करणं हीसुद्धा कृती आहे, बखरीची नक्कल करणाऱ्या कारकुनासारखी ती नाही, आणि या प्रदेशांपैकी कुणी ते शेपूट छाटलं असतं तर तेही छापील पुस्तकात दिसलं असतं. तेवढं मान्य करूनही, देशाच्या नैतिक परंपरेचा पुरावा म्हणून मोजणी करायची, तर प्रत्येक पुस्तक स्वतंत्र विचाराचं फळ समजणं कच्चं काम ठरतं.

डॉब्सनंतर ॲरिझोनाचे ॲटर्नी जनरल मार्क ब्रनोविच १९७३ चा मनाई हुकूम उठवा म्हणून पिमा काउंटीत गेले. २३ सप्टेंबर २०२२ ला तो उठला आणि राज्यातल्या दवाखान्यांनी गर्भपात थांबवले. ७ ऑक्टोबरला अपील न्यायालयाने स्थगिती दिली, आणि ३० डिसेंबरला सांगितलं की पंधरा आठवड्यांच्या कायद्यानुसार वागणाऱ्या डॉक्टरवर जुन्या कलमाखाली खटला चालणार नाही. दरम्यान निवडणूक झाली. क्रिस मेज अवघ्या २८० मतांनी ॲटर्नी जनरल म्हणून निवडून आल्या आणि त्यांनी पुढे लढायला नकार दिला. मग जुन्या कायद्याची बाजू उचलली ती अजन्मा बालकांचे प्रतिनिधी म्हणून उभ्या राहिलेल्या एका डॉक्टरने आणि यावापाई काउंटीच्या सरकारी वकिलाने. यावापाईचं मुख्य ठाणं प्रेस्कॉट.

९ एप्रिलचा बहुमताचा निकाल न्यायमूर्ती जॉन लोपेझ यांनी लिहिला. १८६४ च्या नैतिकतेला तो कौल देत नाही. प्रश्न होता दोन कायदे एकत्र कसे वाचायचे याचा. पंधरा आठवड्यांचा कायदा स्वतःहून गर्भपाताचा हक्क देत नाही; तो केंद्रीय हक्काच्या आधारावर उभा होता; तो आधार गेला, आणि जुनं कलम रद्द नाही असं विधिमंडळानेच लिहून ठेवलं आहे, अशी ही मांडणी. न्यायमूर्ती ॲन टिमर यांनी मुख्य न्यायमूर्तींसह विरोधात लिहिलं, की पंधरा आठवड्यांपर्यंत परवानगी देणारा नव्या कायद्याचा मजकूर आहे तसा वाचला पाहिजे. दोन्ही बाजू २०२२ च्या शब्दांवर भांडत होत्या.

पुढचं झपाट्याने झालं. २४ एप्रिलला कनिष्ठ सभागृहात ३२ विरुद्ध २८, १ मे रोजी सिनेटमध्ये १६ विरुद्ध १४, आणि २ मे रोजी गव्हर्नर केटी हॉब्स यांच्या सहीने कलम रद्द झालं. दोन्ही सभागृहांत रिपब्लिकनांचं बहुमत होतं. सिनेटमध्ये त्यांचे दोघे फुटले. त्यांतल्या शॉना बोलिक यांचे पती क्लिंट बोलिक न्यायालयात बहुमताच्या बाजूला होते. रद्द करणारा कायदा लागू झाला १४ सप्टेंबरला, आणि न्यायालयांनी दिलेल्या मुदतींमुळे जुनं कलम २६ सप्टेंबरच्या आत कुणावर लावताच येणार नव्हतं. म्हणून एप्रिलच्या निकालानंतर त्याखाली एकही खटला उभा राहू शकला नाही.

नोव्हेंबरमध्ये मतदारांनी सुमारे ६१ टक्के मतांनी गर्भपाताचा हक्क राज्यघटनेत घातला, आणि मार्च २०२५ मध्ये त्याच्या आधारे पंधरा आठवड्यांची बंदीही न्यायालयाने उडवली. जुलै २०२५ मध्ये, जिथे बॅशफोर्ड एकेकाळी गव्हर्नर होता त्या विस्कॉन्सिनमध्ये, सर्वोच्च न्यायालयापुढे हाच प्रश्न आला: १८४९ चा कायदा नंतरच्या कायद्यांनी आपोआप रद्द झाला का? तिथल्या न्यायमूर्तींनी ४ विरुद्ध ३ मतांनी सांगितलं, झाला.