वनड्राइव्हवर एक्सेल फाइल सेव्ह होत नाही? आधी हे करा

महिनाभराचा हिशेब एक्सेलमध्ये भरला, सेव्ह दाबलं आणि 'अपलोड फेल्ड' अशी पट्टी आली. अशा वेळी बरेच जण फाइल बंद करून पुन्हा उघडतात. नेमकं तेच टाळा. क्लाउडवर न पोहोचलेले बदल कधीकधी फक्त समोरच्या उघड्या फाइलमध्येच असतात.

आधी एफ१२ दाबा आणि फाइल वेगळ्या नावाने डाउनलोड्स फोल्डरमध्ये सेव्ह करा. डेस्कटॉपवर नको, कारण अनेक विंडोज कॉम्प्युटरवर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर वनड्राइव्हलाच जोडलेले असतात. पट्टीवर 'सेव्ह अ कॉपी' आणि 'डिस्कार्ड चेंजेस' असे पर्याय दिसले, तर दुसऱ्याला हात लावू नका. त्याने तुमचे बदल पुसले जातात.

कॉपी हातात आली की कारण शोधा. आधी जागा बघा. मोफत खात्यात ५ जीबीच मिळतात आणि डेस्कटॉपवरचे फोटो-व्हिडिओ ती कधी खातात ते कळतही नाही. टास्कबारवरच्या ढगावर क्लिक केलं की जागा भरल्याची सूचना दिसते. मात्र वनड्राइव्हच्या फोल्डरमधून काही डिलीट केलं की ते क्लाउडवरूनही जातं, त्यामुळे आधी दुसरीकडे कॉपी करा.

जागा आहे, तरी अडतंय? मग नाव बघा. फोल्डरांसकट फाइलचा पूर्ण पत्ता २१८ अक्षरांपेक्षा लांब झाला की एक्सेल अडतं. फोल्डरात फोल्डर ठेवायची सवय इथे नडते. त्यात मराठी नावांत काना-मात्रा आणि जोडाक्षरातला हलन्त वेगळे मोजले जातात. म्हणजे 'पगार' तीन नाही, चार अक्षरं. नावात चौकोनी कंसही नको.

ऑफिसच्या सामायिक फाइलमध्ये 'लॉक्ड फॉर एडिटिंग' आलं, तर ती दुसऱ्या कोणाकडे उघडी आहे. कधी ती दुसरी व्यक्ती म्हणजे तुमचाच दुसरा लॅपटॉप असतो! नुकताच पासवर्ड बदलला असेल, तर एक्सेल आणि वनड्राइव्ह दोन्हीकडे पुन्हा साइन इन करा.

आणि जुनीच फाइल नव्यावर चढली असेल, तर ब्राउझरमध्ये वनड्राइव्ह उघडून फाइलवर राइट क्लिक करा, 'व्हर्जन हिस्ट्री' निवडा. वैयक्तिक खात्यात मागच्या २५ आवृत्त्या मिळतात.