चावडीवरचा रेडिओ

रेडिओवरच्या चर्चा म्हटलं की आमच्या घरातल्या मोठ्या मंडळींना आठवतात ते पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी. मुंबई आकाशवाणीवरच्या 'प्रपंच'मधली ही माणसं रोजच्या संसारातल्या गोष्टींवर बोलत आणि ऐकणाऱ्याला आपल्याच घरात कुणीतरी बोलतंय असं वाटे. पण तुम्हाला मीनावहिनींचं म्हणणं पटलं नाही, तर ते तुम्ही शेजारच्या काकूंनाच सांगायचं. रेडिओला काय त्याचं!

ऐकणाऱ्यानं उलट बोलायचं, आणि रेडिओनं त्याला उत्तर द्यायचं, असा एक प्रयोग मात्र आपल्याकडे फार पूर्वी होऊन गेलाय. १९५६ साली, आणि तोही पुणे केंद्रावरून. युनेस्कोनं १९५९ मध्ये त्यावर एक पुस्तकच काढलं. ते आता जालावर फुकट मिळतं. पुण्यातल्याच लोकांना त्याचा फारसा पत्ता नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

कल्पना मूळची कॅनडाची. तिथे १९४१ पासून दर सोमवारी रात्री शेतकऱ्यांसाठी राष्ट्रीय कार्यक्रम लागायचा. आजूबाजूची चार-आठ कुटुंबं एकाच्या घरी जमायची, आधी आलेलं माहितीपत्रक वाचायची, कार्यक्रम ऐकायची, मग भांडून-तंडून आपलं मत कागदावर लिहून पाठवायची. वाचा, ऐका, चर्चा करा, कामाला लागा, असं त्यांचं घोषवाक्य होतं. भरभराटीच्या काळात असे सुमारे १६०० गट होते. कॅनडातल्या थंडीत, मैलामैलावर पसरलेल्या घरांत हे जमलं ते ठीक. पण जिथे निम्म्याहून जास्त गावाला वाचता येत नाही तिथे जमेल का, हे युनेस्कोला पाहायचं होतं.

पुणे केंद्र तेव्हा अवघं अडीच वर्षांचं होतं (२ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झालेलं). पुणे, अहमदनगर (आताचं अहिल्यानगर), नाशिक, कोल्हापूर आणि त्या वेळचा उत्तर सातारा अशा पाच जिल्ह्यांतली दीडशे गावं निवडली. फेब्रुवारी ते एप्रिल १९५६, दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, संध्याकाळी अर्धा तास. एकूण वीस कार्यक्रम. प्रत्येक गावात वीसएक जणांचं श्रोता मंडळ आणि त्याचा एक निमंत्रक. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करायचा आणि बोलायला सुरुवात. कोण काय म्हणालं, काय ठरलं, कुठे अडलं, हे निमंत्रकानं लिहून पुण्याला पाठवायचं. त्यातल्या प्रश्नांना पुढच्या कार्यक्रमांतून उत्तरं मिळायची.

मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते. ज्याला सही करता येत नाही अशा माणसाची शंका दुसऱ्यानं लिहून घेतली, ती टपालानं पुण्याला गेली, आणि काही दिवसांनी त्याच्याच गावातल्या खोक्यातून तिचं उत्तर आलं. त्या काळात सरकारी कचेरीत अर्ज करून उत्तर मिळवणं किती दुर्घट होतं, ते जुन्या माणसांना विचारा.

प्रयोगाची पाहणी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनं केली. तिचे प्रमुख होते पॉल नॉयराथ, अमेरिकेतून पाहुणे प्राध्यापक म्हणून आलेले. हा गृहस्थ मूळचा व्हिएन्नाचा. १९३८-३९ मध्ये हिटलरच्या डाखाउ आणि बुखेनवाल्ड या छावण्यांत कैदी होता, सुटून अमेरिकेत गेला आणि त्या छावण्यांतल्या समाजावरच त्यानं पीएच.डी.चा प्रबंध लिहिला. जिथे तोंड उघडायची चोरी, तिथून वाचून आलेला माणूस सतरा वर्षांनी आपल्या खेड्यांत बसून, कोण बोलतं, कोण गप्प राहतं, याच्या नोंदी करवून घेतोय! त्यानं स्वतः असा संबंध कुठे जोडला नसेलही. मला मात्र तो विसरता येत नाही.

पाहणीची रीत साधी होती. काही गावांत रेडिओ आणि मंडळ दोन्ही, काही गावांत नुसता रेडिओ, काही गावांत दोन्ही नाही. आधी आणि नंतर त्याच प्रकारचे प्रश्न विचारले. मंडळाच्या गावांतलं ज्ञान भरपूर वाढलेलं निघालं. आणि नुसता रेडिओ असलेल्या गावांत? फारच थोडं. म्हणजे नुसता खोका आणून ठेवल्यानं काही होत नव्हतं. जे व्हायचं ते खोका बंद केल्यावर.

गावं नुसती बोलून थांबली नाहीत. विहिरी खणल्या गेल्या, जातिवंत वळू आणि लेगहॉर्न कोंबड्या आणल्या गेल्या, बालवाड्या निघाल्या. कित्येक ठिकाणी मंडळ निवडून आलेल्या पंचायतीपेक्षा भरभर निर्णय घेऊ लागलं. पुस्तकात हे कौतुकानं सांगितलंय. पण गावाची थोडीफार ओळख असलेल्याला यातली मेख लगेच कळेल. सरपंचाला हे किती आवडलं असेल?

आता दुसरी बाजू. त्या बैठकांत बायका जवळजवळ नव्हत्याच. पाणी आणणारी बाई विहिरीच्या चर्चेत नाही, हे तेव्हा कुणाला फारसं खटकलंही नसावं. आणि विषय? शेती, आरोग्य, शिक्षण, गावकारभार असे विकासाचे. तेही ठरवणार आकाशवाणी. आता तारखा पाहा. १६ जानेवारी १९५६ ला पंडित नेहरूंनी मुंबई केंद्रशासित करण्याचा निर्णय जाहीर केला, आणि तो रेडिओवरूनच. मुंबई पेटली, गोळीबार झाले, माणसं मेली. जेमतेम महिन्याभरानं याच रेडिओवरून मराठी खेड्यांना सांगितलं जातंय की बसा, आपल्या प्रश्नांवर मोकळेपणानं बोला! संयुक्त महाराष्ट्र हा काही त्या वीस कार्यक्रमांचा विषय नव्हता. पण रेडिओ बंद केल्यावर, कंदिलाच्या उजेडात, त्या संध्याकाळी लोक फक्त खतांबद्दलच बोलले असतील यावर माझा तरी विश्वास बसत नाही. निमंत्रकानं ते पुण्याला कळवलं नसेल, एवढंच.

पुढे १९५९ मध्ये ही योजना देशभर नेली आणि मंडळांची संख्या हजारांत गेली. कागदावर. दीडशे गावांची पत्रं वाचून उत्तर देणं जमतं, हजारो गावांचं कोण वाचणार? सार्वजनिक संच बिघडले की दुरुस्त व्हायला महिने लागायचे, बॅटऱ्या संपायच्या. तेवढ्यात ट्रान्झिस्टर आला आणि ज्याचा त्याचा रेडिओ ज्याच्या त्याच्या बांधावर गेला. गाणी ऐकायला ते सोयीचंच होतं, त्यात वाईट काही नाही. कॅनडातला कार्यक्रमही १९६५ मध्ये बंद झाला.

मग १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचं सांगितलं, आणि त्यानंतर अकरा वर्षांनी, २००६ मध्ये, स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओ चालवायची परवानगी मिळाली. अट अशी की बातम्या आणि चालू घडामोडी द्यायच्या नाहीत. विहीर चालेल, लसीकरण चालेल. विहिरीचे पैसे कुठे गेले याची बातमी चालणार नाही. १९५६ ची यादी थोडी लांबली म्हणायची, दुसरं काय.

तरीपण २००८ मध्ये सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यातल्या म्हसवडला 'माणदेशी तरंग वाहिनी' सुरू झाली. माण म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांचा दुष्काळी मुलूख. ही वाहिनी सुरू केली ती तिथल्या बायकांसाठी बँक चालवणाऱ्या संस्थेनं. पाण्याच्या चर्चेत आता पाणी आणणारीचाही आवाज आहे.