सणाचा दिवस, घड्याळ आणि चूल

सणाच्या दिवशी चर्चला किती वेळ द्यावा आणि घरच्या माणसांना किती, ही विवंचना आजच्या धकाधकीतून उपजली, असे सर्रास म्हटले जाते. आम्हांला ते पटत नाही. वसईच्या कॅथलिक कुटुंबांसारख्या जुन्या समाजाचा विचार केला, तर ही ओढाताण भक्तीच्या कमीअधिकपणापेक्षा चर्चच्या नियमांनी घडवलेली दिसते.

वसईवर पोर्तुगिजांचा अंमल 1534 ते 1739 असा होता. त्या काळात बंधनकारक सणांची संख्या मोठी होती. 1642 मध्ये पोप आठवे अर्बन यांनी त्यांची यादी आखून दिली, तरीही रविवार वगळून तीसहून अधिक सण उरले. सणांच्या सुट्ट्यांपायी पोटाला मिळत नाही, ही गरिबांची तक्रार त्या आज्ञापत्रातच नोंदलेली आहे. म्हणजे घराची बाजू रोमपर्यंत पोचली होती! 1911 मध्ये दहावे पायस यांनी ही संख्या आठवर आणली. 1917 च्या संहितेत ती दहा झाली.

पण खरी अडचण संख्येची नव्हती. ती उपवासाची होती. ख्रिस्तप्रसाद घ्यायचा तर मध्यरात्रीपासून अन्न नाही, पाणीही नाही, असा 1953 पर्यंतचा दंडक. शिवाय मिस्सा पहाटेच्या एक तास आधीपासून दुपारी एकपर्यंतच करता येई. मिस्सेची हजेरी बंधनकारक होती, प्रसाद नव्हता. तेव्हा उशिराच्या मिस्सेला खाऊनपिऊन जाणे शक्य होते, पण मग प्रसादास मुकावे लागे. चुलीपाशी राबणाऱ्या बाईने कालवणाचे मीठ तरी कसे चाखावे? तान्ह्या मुलाची वा आजाऱ्याची शुश्रूषा करणाऱ्यास हजेरीची सूट परंपरेने होती. ही सूट नियमात स्त्रीपुरुष दोघांनाही होती. घरात ती कोणाच्या वाट्याला येत असे, हे वाचकांस सांगावयास नको.

नाताळच्या मध्यरात्रीची मिस्सा याला अपवाद होती. उपवास मध्यरात्रीपासूनच मोजला जाई, म्हणून रात्रीचे जेवण सर्वांनी एकत्र घ्यावे, एकत्र निघावे, एकत्र परतावे आणि सकाळ फुगे, इंदेल व पाहुण्यांसाठी मोकळी ठेवावी, हे जमून जाई. या मिस्सेच्या लोकप्रियतेत गव्हाणीच्या देखाव्याइतकाच या सोयीचाही वाटा असावा, असे आमचे मत आहे.

पुढे बंधने सैल झाली. 1953 मध्ये बारावे पायस यांनी पाण्याने उपवास मोडत नाही असे ठरवून सायंकाळच्या मिस्सेस वाट दिली. 1957 मध्ये उपवास तीन तासांवर, 1964 मध्ये एका तासावर आला. ईस्टरच्या आदल्या शनिवारी सकाळीच उरकला जाणारा जागरणविधी 1956 पासून पुन्हा रात्री होऊ लागला. 1983 च्या संहितेनुसार आदल्या सायंकाळची मिस्साही सणाची हजेरी ठरते.

एवढ्याने ओढाताण संपली असे मात्र नाही. तिची जागा बदलली. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकावर निर्बंध घालणारे नियम 2000 मध्ये आले. मुंबईतल्या कित्येक चर्चांनी नाताळची मिस्सा त्यामुळे संध्याकाळकडे सरकवली. मिस्सेआधीचे जेवण आता मिस्सेनंतर होते, आणि स्वयंपाक कोणी व केव्हा करायचा हा प्रश्न ऐन तयारीच्या वेळी उभा राहतो. भारतात रविवारांखेरीज दोनच सण बंधनकारक उरले आहेत: नाताळ आणि 15 ऑगस्टचा मरियेचा स्वर्गोन्नयनाचा सण. या दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्सा आणि शाळेतले ध्वजवंदन एकाच सुमारास येते, आणि घरातली माणसे दोन दिशांना पांगतात.