चार गेज म्हणजे नक्की किती?

या वीकेंडचा विषय आहे तार. गाडीच्या बॅटरीपासून निघून डिकीतल्या अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत जाणारी, बोटाएवढी जाड पॉवर केबल. वरवर पाहता ही हार्डवेअरच्या दुकानातली वस्तू. पण तिच्यात दीडशे वर्षांचा इतिहास दडलाय, आणि त्यातला बराचसा आपल्या मावळाच्या आसपासच घडलाय.

निमित्त असं झालं की आमचा एक मित्र सुदुंबऱ्याचा. गाव माहीत नसेल तर सांगतो: तळेगाव आणि चाकणच्या मधे, तुकोबांचे टाळकरी संताजी महाराज जगनाडे यांची समाधी जिथे आहे ते. मित्र चाकणच्या एका कारखान्यात कामाला आहे. त्याने सेकंडहँड गाडी घेतली आणि साहजिकच पहिला खर्च म्युझिक सिस्टिमवर करायचं ठरवलं. अ‍ॅम्प ५०० वॅटचा (म्हणजे खरा ५०० वॅटचा, खोक्यावर छापलेला नव्हे). दुकानदाराने "चार गेज, पूर्ण किट" म्हणून जी केबल दाखवली ती चांगल्या तांब्याच्या केबलच्या तिसऱ्या हिश्श्याला मिळत होती. मित्राचा फोन आला, "अरे, घेऊ का? तू इंजिनियर ना!"

आता सॉफ्टवेअरवाल्याला वायरिंगचं विचारणं म्हणजे डेंटिस्टला गुडघा दाखवणं :-) पण प्रश्न डोक्यात बसला आणि दोन शनिवार त्यात गेले.

तांबं महाग आहे, तर तार किती जाड घ्यायची? हा प्रश्न नीट मांडणारा पहिला माणूस म्हणजे विल्यम थॉमसन, पुढे ज्याला लॉर्ड केल्व्हिन म्हणू लागले तो. साल १८८१. विजेचे दिवे नुकतेच येत होते आणि तांब्याचा खर्च पाहून गुंतवणूकदारांच्या पोटात गोळा येत होता. केल्व्हिनने सांगितलं की तार जाड केली तर तांब्यात घातलेल्या पैशांचं व्याज वाढतं आणि बारीक केली तर उष्णतेत वाया जाणारी वीज वाढते. वर्षाचे हे दोन खर्च जिथे सारखे होतात ती जाडी सगळ्यात स्वस्त. जवळपास दीडशे वर्षांनी आपण ज्याला 'ऑप्टिमायझेशन' म्हणून मिरवतो ते त्याने तारेवर करून ठेवलं होतं.

पण तांबं वाचवायची याहून मोठी युक्ती व्होल्टेज वाढवण्यात आहे. तेवढीच वीज दुप्पट व्होल्टेजने पाठवली तर करंट निम्मा होतो आणि तारेत होणारी उष्णता चौथा हिस्सा. म्हणजे तेवढंच नुकसान चालणार असेल तर तारेचा छेदही चौथा हिस्सा पुरतो. याचं उत्तम उदाहरण लोणावळ्याला जाणारा प्रत्येक पुणेकर न बघता ओलांडतो. जमशेटजी टाटांच्या हयातीत सुरू झालेली कल्पना त्यांच्या निधनानंतर प्रत्यक्षात आली. फेब्रुवारी १९११ मध्ये लोणावळ्यात कोनशिला बसली, वळवण, शिरवटा आणि लोणावळा इथे पाणी अडवलं गेलं, ते पाइपांतून घाटाखाली पाचशे मीटरहून अधिक खोल खोपोलीला सोडलं गेलं आणि फेब्रुवारी १९१५ मध्ये तिथली वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. अंतर सुमारे ७० किलोमीटर, व्होल्टेज एक लाखाच्या आसपास. त्या काळात, या देशात! कमी व्होल्टेजने तेवढी वीज मुंबईला न्यायची म्हटली असती तर खांब तांब्याच्या वजनानेच वाकले असते.

(या स्वस्त विजेची किंमत कोणी मोजली हा वेगळा लेख होईल. मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये मावळ्यांनी सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला. केल्व्हिनच्या हिशोबात बुडणाऱ्या गावांसाठी रकाना नव्हता. असो.)

गाडीची पंचाईत अशी की तिथे ही युक्ती चालत नाही. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये इलेक्ट्रिक स्टार्टर आला आणि बॅटरी गाडीचा कायमचा अवयव झाली. बराच काळ बहुतेक गाड्या ६ व्होल्टवर चालल्या. १९५० च्या दशकात मोठी इंजिनं फिरवायला तो स्टार्टर पुरेना, तेव्हा डेट्रॉईटने १२ व्होल्ट घेतले आणि सगळं जग तिथेच अडकलं. १९९० च्या दशकाच्या शेवटी ४२ व्होल्टचा घाट घातला गेला होता, तो काही वर्षांत बारगळला. पूर्ण गाडीच ४८ व्होल्टवर नेणारा टेस्लाचा सायबरट्रक यायला २०२३ उजाडलं. तोवर १२ व्होल्टवर ५०० वॅट ओढायचे म्हणजे नुकसान धरून ४५ ते ५० अँपिअर. घरातला एसी सुद्धा याच्या पाव हिश्श्यात चालतो. म्हणून गाडीची केबल बोटाएवढी.

आता पिंपरीकडे येऊ. फाळणीच्या सुमारास कराचीहून आलेले प्रल्हाद छाब्रिया आणि त्यांचे भाऊ पुण्यात इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान चालवत. लष्कराकडून त्यांना ट्रक आणि रणगाड्यांच्या वायर-हार्नेसची मोठी ऑर्डर मिळाली. त्यातून तार विकत घेण्यापेक्षा आपणच बनवावी असं ठरलं आणि १९५८ मध्ये फिनोलेक्सचा छोटा कारखाना सुरू झाला. पहिला माल कोणता? घरातली वायर नाही, तर वाहनांसाठी पीव्हीसी आवरणाची केबल! त्या वेळी पिंपरीत १९५४ ची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स होती, पण बजाज आणि टेल्को यायचे होते. म्हणजे पुण्यात गाड्या बनायच्या आधी गाड्यांची वायर बनत होती. पुढे याच कंपनीचा एक कारखाना आपल्या मावळात, उर्सेला आला. एक्सप्रेसवेच्या टोलनाक्यामुळे उर्से सगळ्यांना माहीत असतं, केबलमुळे फारसं कुणाला नसतं. सुदुंबऱ्याहून तिथे जायला फार वेळ लागत नाही, आणि माझा मित्र मात्र परदेशी नावाचं, कुठे बनलंय ते न लिहिलेलं किट घ्यायला निघाला होता.

ते किट स्वस्त का होतं? कारण त्यात तांबं नव्हतंच. म्हणजे होतं, पण मुलाम्यापुरतं. अ‍ॅल्युमिनियमच्या केसाएवढ्या तारांवर तांब्याचा पातळ थर. बाजारात याला 'सीसीए' म्हणतात, किंवा दुकानदार काहीच म्हणत नाही.

इथे अ‍ॅल्युमिनियमला शिव्या घालायचा मोह होतो, पण इतिहास जरा गुंतागुंतीचा आहे. तांब्याची टंचाई झाली की माणसाने काय काय वापरलंय! दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत अणुबाँबसाठी युरेनियम वेगळं करणाऱ्या यंत्रांना प्रचंड विद्युतचुंबक हवे होते आणि तांबं तोफगोळ्यांच्या पुंगळ्यांत जात होतं. तेव्हा सरकारी खजिन्यातून तब्बल १३,००० टनांहून जास्त चांदी उसनी घेऊन तिची वेटोळी बनवली. लष्करी अधिकारी टनांत मागणी करायला गेला तर खजिन्याच्या साहेबाने ऐकवलं की आमच्याकडे चांदी औंसांत मोजतात. युद्धानंतर ती चांदी परतही केली गेली. जगातली सगळ्यात महाग 'स्वस्त' केबल!

आपल्याकडे चांदी नव्हती आणि परकीय चलनही नव्हतं. तांबं बहुतांशी आयात व्हायचं. त्यामुळे १९६० नंतरच्या दोन-तीन दशकांत असंख्य घरांमध्ये अ‍ॅल्युमिनियमची वायरिंग झाली. जुन्या इमारतीत राहिलेल्यांना आठवेल: स्विचबोर्ड उघडला, वायर दोनदा वाकवली की टोक तुटून हातात. अमेरिकेतही १९६५ ते १९७३ च्या दरम्यान तांबं महागलं म्हणून लाखो घरांत अ‍ॅल्युमिनियम गेलं. नंतरच्या सरकारी पाहणीत दिसलं की १९७२ पूर्वीच्या अशा घरांत किमान एक जोड आगीच्या धोक्याइतका तापण्याची शक्यता तांब्याच्या घरांपेक्षा ५५ पट होती. तारेपेक्षा जोड धोकादायक. अ‍ॅल्युमिनियमवर हवेत लगेच ऑक्साइडचा थर बसतो आणि तो करंट अडवतो. शिवाय स्क्रूखाली दाबलेलं अ‍ॅल्युमिनियम हळूहळू सरकतं, जोड सैल होतो, तापतो, अजून सैल होतो.

आणि तरीही तुमच्या-माझ्या घरापर्यंत येणारी वीज आज अ‍ॅल्युमिनियमवरूनच येते. डोक्यावरच्या हाय टेन्शन लाइन्समध्ये स्टीलच्या गाभ्याभोवती अ‍ॅल्युमिनियमच असतं, कारण तेवढ्याच रेझिस्टन्सला त्याचं वजन तांब्याच्या निम्मं. काही युरोपियन गाड्यांत बॅटरी मागे असते, तिथे कंपनीच अ‍ॅल्युमिनियमची केबल टाकते. फरक एवढाच की ते लोक अ‍ॅल्युमिनियम आहे हे मान्य करून छेद वाढवतात आणि टोकं कारखान्यात नीट वेल्ड करतात. धातू बदलला तर जाडी आणि जोडही बदलावा लागतो. किटवाला फक्त धातू बदलतो आणि वर "४" छापतो.

त्या ४ चा घोळही ऐतिहासिक आहे. अमेरिकन गेज १८५७ मध्ये ब्राऊन अँड शार्प कंपनीने आणला. त्यात आकडा सहाने वाढला की व्यास जवळपास निम्मा. ब्रिटिशांचा स्टँडर्ड गेज १८८४ पासून लागू, त्याची पट्टी वेगळी. अमेरिकन चार गेज म्हणजे २१ चौरस मिलीमीटर, ब्रिटिश चार गेज म्हणजे २७. आपल्याकडे ब्रिटिश पट्टी चालायची, म्हणून जुने वायरमन 'सात-वीस', 'तीन-बावीस' म्हणत: सात तारा वीस गेजच्या, तीन तारा बावीस गेजच्या. मेट्रिक आल्यावर घरच्या वायरवर चौरस मिलीमीटर छापलं जाऊ लागलं. फसवायला कठीण, कारण तो छेद थेट मोजता येतो. कार ऑडिओचा बाजार मात्र गेजलाच चिकटून राहिला, आणि त्या किटमध्ये तर तिसरीच पट्टी होती, दुकानाची!

मित्राने नमुना म्हणून एक मीटर तुकडा आणला. आम्ही तो सोलला. आवरणच भलं जाड, आतल्या तारा मोजून, व्यास मोजून छेद भरला १२ चौरस मिलीमीटर. एक तार ब्लेडने खरवडली तर आतून पांढरी. स्वयंपाकघरातल्या काट्यावर सोललेला धातू भरला ४० ग्रॅम. खऱ्या तांब्याच्या चार गेजचा मीटरभर धातू १९० ग्रॅमच्या आसपास भरायला हवा.

आता हिशोब. ५ मीटर केबल, ५० अँपिअर. खरं तांबं, खरं चार गेज: ०.२ व्होल्टचा ड्रॉप, केबलमध्ये १० वॅट उष्णता. हे १२ चौरस मिलीमीटरचं सीसीए: जवळपास ०.५७ व्होल्ट, २८ वॅट. आणि गंमत बघा, खऱ्या तांब्याचं आठ गेज, जे दिसायला कितीतरी बारीक असतं, ते ०.५१ व्होल्ट आणि २६ वॅट. म्हणजे त्या 'चार गेज'पेक्षा तांब्याचं आठ गेज चांगलं.

व्होल्टेज ड्रॉपने फार तर बास थोडा कमी वाजेल, तो मुद्दा नाही. मुद्दा फ्यूजचा आहे. किटबरोबर फ्यूज मिळतो १०० अँपिअरचा, कारण खऱ्या चार गेजला तो चालून जातो. कुठे आवरण घासून अर्धवट शॉर्ट झाला आणि ८०-९० अँपिअर वाहू लागले तर फ्यूज शांत बसेल आणि सीटखालच्या कार्पेटमधली ती केबल तापत राहील. फ्यूज अ‍ॅम्पसाठी नसतो, केबलसाठी असतो, आणि ही केबल स्वतःबद्दल खोटं बोलत होती.

केल्व्हिनचा नियम लावून पाहिला तर इथे तो फारसं काही सांगत नाही. गाणी सतत ५० अँपिअर ओढत नाहीत, रोज तासभर वाजली तरी वाया जाणारी वीज वर्षाला काही युनिटांची. पैसे वाचवायला जाड तार घ्यायची गरज नाही. इथे निर्णय सुरक्षिततेचा आणि अर्ध्या व्होल्टचा.

शेवटी आम्ही कार ऑडिओच्या दुकानात गेलोच नाही. बुधवार पेठेत तापकीर गल्लीत साध्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून १६ चौरस मिलीमीटरची, तांब्याची, आयएसआय छापाची सिंगल कोअर फ्लेक्सिबल केबल मीटरवर कापून घेतली. ड्रॉप ०.२७ व्होल्ट, उष्णता १३-१४ वॅट. किटपेक्षा महाग, पण ब्रँडेड ऑडिओ केबलच्या निम्म्याहून कमी. वेल्डिंग केबलचाही विचार केला होता. लवचिक असते, पण त्यातही अ‍ॅल्युमिनियमवाली मिळते, तेव्हा विचारून आणि खरवडून घ्यावी. घरगुती पीव्हीसीचं आवरण साधारण ७० अंशांपर्यंतचं, म्हणून इंजिनजवळ ती मॅनिफोल्डपासून लांब, वेगळ्या पाइपमधून नेली. पत्र्यातून जिथे जाते तिथे रबरी ग्रोमेट. थिंबल तांब्याचे, हातोडीने न ठोकता क्रिंपिंग टूलने दाबलेले. फ्यूज ६० अँपिअरचा, बॅटरीपासून दीड फुटाच्या आत. आणि अर्थची तारही १६ चीच, रंग खरवडून थेट पत्र्याला. बहुतेक लोक लाल तारेवर पैसे घालतात आणि काळी उरलेल्या तुकड्यातून करतात. करंट मात्र दोन्हीतून सारखाच जातो.

दुकानात काय विचारायचं हे कुणाला हवं असेल तर दोनच प्रश्न पुरतात: धातू कोणता, आणि किती चौरस मिलीमीटर? आम्ही तापकीर गल्लीत विचारलं तेव्हा गल्ल्यावरच्या काकांनी न बोलता केबलवरचा छाप पुढे केला आणि कात्री हातात घेतली.